‘स्टॅम्प ड्युटी शून्य’ पॅकेजबद्दल एका वाचकाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वडगाव शेरीत ९० लाखांचा रिसेल टू बीएचके ठरला आहे. विसार म्हणून २ लाखांचा चेक दिला आहे. एजंटाबरोबर आलेल्या एका ‘कन्सल्टंट’ने सुचवलं की सरकारला सहा-साडेसहा लाख देण्याची गरज नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत (म्हणजे पुढे विकण्याचा करार), नोटरीकडे ‘इर्रिव्होकेबल’, म्हणजे रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र (विकणाऱ्याच्या वतीने सह्या करायचा अधिकार) आणि विकणाऱ्याचं तुमच्या नावे मृत्युपत्र, असा तीन कागदांचा संच तो दीड लाखात करून देतो. वर वकिलाचा लेखी अभिप्राय फुकट. हे नको असेल तर दुसरं पॅकेज आहे: रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाने ठरवलेल्या दराने येणाऱ्या किमतीला दस्त आणि उरलेली रक्कम रोख. तुमच्या चुलतभावाने २०१६ मध्ये धायरीत पहिल्या पद्धतीने फ्लॅट घेतला, त्याला आजवर काही झालेलं नाही, मग आपण का घाबरायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही पॅकेजं घेऊ नका. कारणं जरा विस्ताराने सांगतो. ‘बेकायदा आहे’ एवढं ऐकून आपल्याकडे कुणी थांबत नाही, नुकसान किती ते आकड्यात दाखवावं लागतं.

खरा खर्च असा. पुणे महापालिका हद्दीत खरेदीवर ५ टक्के मुद्रांक शुल्क, १ टक्का स्थानिक संस्था कर आणि एप्रिल २०२२ पासून १ टक्का मेट्रो अधिभार, असे ७ टक्के लागतात. करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत, यातली जी जास्त तिच्यावर. तुमच्या ९० लाखांवर ६,३०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एकूण ६,६०,०००. रक्कम मोठी आहे, डोळ्यांत येते, हे मला मान्य आहे. पण कन्सल्टंट ही रक्कम ‘वाचवत’ नाही. शुल्क लागतं ते कागदावर, आणि फ्लॅट तुमचा आहे हे सांगणारी जगातली एकमेव गोष्ट तोच कागद आहे. तो कागदच होऊ न देण्याचे तो तुमच्याकडून दीड लाख घेतो.

आता त्याचे तीन कागद एकेक करून बघा.

साठेखत. आपल्या राज्याच्या मुद्रांक कायद्यात साठेखताबरोबर ताबा दिला असेल, किंवा द्यायचं ठरलं असेल, तर त्या साठेखताला खरेदीखत मानूनच शुल्क लागतं. कागदाच्या डोक्यावर काय शीर्षक छापलंय याला किंमत नाही, आत काय लिहिलंय ते बघतात. त्यामुळे पाचशेच्या स्टॅम्पवरचं तुमचं साठेखत सहीच्या दिवसापासूनच ६ लाखांहून जास्त रकमेने तुटीत. तुटीचा कागद पुरावा म्हणून कोर्ट वाचत नाही. समोर आला की इम्पाउंड करतं, म्हणजे अडकवून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे धाडतं. कन्सल्टंट इथे एक अर्धसत्य सांगतो. नोंदणी नसलेलं साठेखतही करारपूर्तीच्या दाव्यात, वकील ज्याला स्पेसिफिक परफॉर्मन्स म्हणतात त्या दाव्यात, पुरावा म्हणून चालतं, असं तो म्हणतो. नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे खरी. पण ती नोंदणीची अडचण दूर करते, मुद्रांकाची नाही. शिवाय त्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि ‘माझा फ्लॅट मला द्या’ म्हणून दावा लावायची वेळ आली तर वाचवलं काय?

कुलमुखत्यारपत्र. विकण्याचा अधिकार मोबदला घेऊन दिला असेल तर त्या कुलमुखत्यारपत्रावरही खरेदीखताइतकंच शुल्क आहे. नाममात्र मुद्रांक चालतो तो आई-वडील, पती-पत्नी, भावंडं, मुलं अशा जवळच्यांना, तेही पैसे न घेता दिलेल्या अधिकारपत्राला. तुम्ही विकणाऱ्याचे कुणीच लागत नाही आणि त्याच्या खात्यात तुमचे पैसे गेलेले आहेत. मग ‘मोबदला नाही’ असं लिहून कुणाला पटवणार? ‘इर्रिव्होकेबल’ या शब्दाने तर लोक अगदी निर्धास्त होतात. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट केलंय की साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र या तिकडीने मालकी जात नाही. कुलमुखत्यारपत्र रद्द न होणारं असलं तरी ते हस्तांतरणाचा दस्त नव्हे. त्याच निकालात असंही म्हटलंय की घरच्या माणसाला किंवा बिल्डरला कामापुरतं दिलेलं खरंखुरं अधिकारपत्र याने बाधित होत नाही. तेव्हा परदेशातला मुलगा वडिलांना सहीचा अधिकार देतो ते ठीक आहे. तुमचं प्रकरण ते नव्हे. त्या निकालाला दशक उलटून गेलं तरी नेमकी हीच तिकडी पुण्यात अजून ‘पॅकेज’ म्हणून विकली जाते, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

मृत्युपत्र. माणूस हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलू शकतो. आज तुमच्या नावे, उद्या सुनेच्या. तो गेला की कुलमुखत्यारपत्राचा आधार डळमळतो आणि त्याचे वारस मृत्युपत्राला आव्हान देतात: ‘आमच्या बाबांनी सख्खी मुलं सोडून वडगाव शेरीतल्या या गृहस्थांना फ्लॅट का दिला?’ तुम्ही म्हणणार, मी ९० लाख मोजलेत. म्हणजे ती विक्री झाली, आणि विक्री असेल तर नोंदणीकृत खरेदीखत कुठे आहे? हा प्रश्न प्रत्येक वळणावर तुमच्यापाशी परत येतो.

या तिन्ही कागदांनंतरही दुय्यम निबंधकाच्या नोंदीत मालक कोण, तर विकणारा. त्याच्यावर कुणाची वसुली निघाली तर फ्लॅट त्याचाच समजून जप्ती येईल. त्याने तोच फ्लॅट दुसऱ्याला रीतसर नोंदणी करून विकला, तर त्या माणसाने सर्च घेतला, म्हणजे निबंधकाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तुमचं नाव कुठेच दिसलेलं नसेल, आणि नोंदणीकृत दस्तापुढे तुमचे कागद मागे पडतील. तुमच्या नावावर वीजबिल झालं, महापालिकेच्या मिळकतकराच्या पावतीवर नाव चढलं, हे कन्सल्टंट मालकीचा पुरावा म्हणून दाखवतो. कर कुणाकडून वसूल करायचा यापुरती ती नोंद असते. तिने हक्क निर्माण होत नाही.

एक गोष्ट त्याने तुम्हाला सांगितलेली नसावी. ५० लाख आणि त्यावरच्या खरेदीत १ टक्का टीडीएस कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. तुमच्या बाबतीत ९० हजार. ते विकणाऱ्याच्या पैशातून कापायचे असतात. आता गंमत बघा. टीडीएस भरलात तर दोघांच्या पॅनसकट ‘९० लाखांची विक्री झाली’ अशी नोंद तुम्ही स्वतःच सरकारी यंत्रणेत केलीत, आणि घरात मात्र ‘मोबदला नाही’ असं लिहिलेलं कुलमुखत्यारपत्र. नाही भरलात तर आयकराचा वेगळा कसूर. या दोन्हीतून निसटणारी वाट पॅकेजमध्ये नाही. मी असे काही संच डोळ्यांखालून घातले आहेत, टीडीएसबद्दल एकातही अवाक्षर नव्हतं.

दंडाचं गणित असं आहे. तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के, दस्ताच्या तारखेपासून, कमाल मर्यादा तुटीच्या चौपट. ६,३०,००० वर महिन्याला १२,६०० रुपये. पाच वर्षांनी प्रकरण उघड झालं तर दंड ७,५६,०००, मूळ शुल्क वेगळं, एकूण १३,८६,०००. कमाल मर्यादा गाठली तर दंडच २५,२०,०००. आणि एवढं भरून काय मिळतं? तो कागद पुराव्यात वाचता येतो. नोंदणी तरीही होत नाही, कारण दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला दाखल करावा लागतो, उशिराचा दंड भरून आणखी चार महिने. त्यानंतर दार बंद.

शुल्क चुकवण्याच्या हेतूने कागदावर सही करणं हा गुन्हाही आहे. एक ते सहा महिने सक्तमजुरी आणि पाच हजारांपर्यंत दंड. ते कलम साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला वगळतं. तुमच्या कन्सल्टंटच्या नमुन्यात त्याची स्वतःची सही कुठे आहे ते एकदा पाहून घ्या. असलीच तर साक्षीदाराच्या रकान्यात असेल.

आता रोखीचं पॅकेज. रेडी रेकनरने ६८ लाख येतात म्हणून ६८ लाखांचा दस्त आणि २२ लाख रोख, असं तुम्ही लिहिलंय. शुल्क ४,७६,००० होईल, म्हणजे १,५४,००० वाचले. उद्या तुम्ही हा फ्लॅट विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर ६८ लाख. रोख दिलेल्या २२ लाखांचा नफा न होताच तो तुमचा नफा धरला जाईल. दीर्घकालीन भांडवली नफ्यावर जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे, त्या दराने २२ लाखांवर २,७५,०००. आज दीड लाख वाचवून पुढे पावणेतीन लाख देणं याला पुण्यात बचत म्हणत नाहीत. पुढच्या घेणाऱ्याकडून तुम्हीही रोख घ्याल असं म्हणत असाल तर हे ओझं कायम डोक्यावर घेऊन फिरायचं ठरवलंय एवढाच त्याचा अर्थ.

खरा फायदा या पॅकेजमध्ये विकणाऱ्याचा असतो. २२ लाखांवरचा नफा त्याला दाखवावा लागत नाही. तुमची स्टॅम्प ड्युटी वाचते हे आमिष पुढे ठेवून तो आपला कर वाचवून घेतो आणि रोख रक्कम उभी करायची जबाबदारी तुमच्यावर टाकतो. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला लागू शकतो. पैसे आले कुठून, हे मात्र तुम्हाला सांगावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिलेत की दाव्यात २ लाख किंवा अधिक रोख दिल्याचं कुणी म्हणत असेल तर कोर्टाने ते आयकर खात्याला कळवावं, आणि तशी रक्कम दस्तात आली तर निबंधक कार्यालयानेही. त्यामुळे व्यवहार फिसकटला तर त्या २२ लाखांसाठी कोर्टाचं दार वाजवणंही अवघड. दस्ताची किंमत रेकनरच्या खाली नेण्याचा मोह कुणी दाखवला तर तोही निरर्थक आहे. शुल्क रेकनरवरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त गेला तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर.

बाजारात याशिवाय आणखी प्रकार फिरतात. ‘बक्षीसपत्र करू, दोनशे रुपयांत होतं’ हा त्यातला लाडका. पती, पत्नी, मुलं, नातवंडं, मृत मुलाची पत्नी यांना राहतं घर किंवा शेती बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, शहरात वरचे अधिभार वेगळे. परक्याला दिलेल्या बक्षिसावर खरेदीइतकंच शुल्क लागतं. विकणारी बाई असेल तर तिला ‘मानलेली आत्या’ करून भागत नाही. पैसे बँकेतून गेले की ते बक्षीस नसतं. दुसरा प्रकार म्हणजे लुटुपुटुचा दावा लावून तडजोडीचा हुकूमनामा घेणं. आपल्या राज्याच्या कायद्यात कोर्टाचा हुकूमनामाही ‘अभिहस्तांतरण’, म्हणजे मालकी देणारा दस्त, या व्याख्येत येतो, आणि तडजोडीतून नवा हक्क निर्माण होत असेल तर नोंदणी हवी असं सर्वोच्च न्यायालयाने भूप सिंग प्रकरणात १९९५ मध्ये म्हटलंय. फ्लॅटसाठी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढून देणारेही आहेत. भागीदारीत मिळकत भांडवल म्हणून आणली तर त्यावर खरेदीच्या दराने शुल्क आहे. एका टू बीएचकेसाठी आयुष्यभर विवरणपत्रं भरत बसायची हौस असेल तर तो मार्ग.

बनावट चलनाचा प्रकार वेगळा, कारण त्यात खरेदीदार प्रामाणिक असतो. ‘आमच्याकडे शुल्कात सूट मिळते, तीन लाख द्या, बाकी आम्ही बघतो’ असं सांगून पैसे घेतात आणि चलनाची पीडीएफ व सूची २ ची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सारांशाची, छापील प्रत हातात ठेवतात. बनावट स्टॅम्प पेपरच्या तेलगी प्रकरणानंतर कागदी स्टॅम्प मागे पडत गेले आणि आता बहुतेक भरणा शासनाच्या ग्रास प्रणालीतून ऑनलाइन होतो. ई-चलनाचा जीआरएन क्रमांक तिथे तपासता येतो. नोंदणीच्या वेळी ते चलन डिफेस होतं, म्हणजे परत वापरता येत नाही. शुल्क स्वतःच्या बँक खात्यातून भरा. नोंदणीनंतर दस्त क्रमांक, वर्ष आणि ‘हवेली’ कार्यालयाचा क्रमांक टाकून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची २ स्वतः काढून बघा. हातात दिलेल्या प्रतीवर विसंबू नका.

‘सरकारी सवलतीत बसवून देतो’ असंही कुणी म्हणेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये गाजलेलं मुंढव्याच्या ४० एकर जमिनीचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. तिथे माफीचा आधार सांगून पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दस्त नोंदला गेल्याची बातमी आली. पुढे दुय्यम निबंधक निलंबित झाले आणि विभागाने शुल्काच्या वसुलीची नोटीस काढली. त्यात कोण दोषी हे ठरवणं माझं काम नाही. तुमच्यासाठी कामाचा भाग एवढाच की दस्त नोंदला गेला म्हणजे शुल्काचा प्रश्न मिटला, असं नसतं. नोंदणीनंतरही कमी पडलेलं शुल्क मागता येतं. खरी सवलत असते तेव्हा ती राजपत्रात येते आणि सगळ्यांना मिळते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये शासनाने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, त्यासाठी कुणाला कन्सल्टंट करावा लागला नाही. दुय्यम निबंधक कार्यालयांपुढे रांगा मात्र लागल्या होत्या.

वकिलाच्या अभिप्रायाबद्दल. तो नीट वाचा. बहुतेक वेळा सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की ‘पक्षकाराने दिलेली माहिती खरी आहे असं गृहीत धरून’. ती माहिती अशी की मोबदला दिलेला नाही आणि ताबा दिलेला नाही. मग अभिप्राय कायद्याने अगदी बरोबर असू शकतो. फक्त तो तुमच्या व्यवहाराबद्दल नसतो.

कुठल्याही अशा योजनेला मी एकच परीक्षा लावतो. कायद्यात अभिनिर्णय नावाची सोय आहे, लोक अॅडज्युडिकेशन म्हणतात. दस्ताचा मसुदा, सही होण्याआधीही, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यापुढे ठेवायचा आणि विचारायचं की यावर शुल्क किती. तो ठरवतो, शुल्क भरलं की तसं प्रमाणित करून देतो. कन्सल्टंटला म्हणा, तुमची योजना कायदेशीर आहे ना, मग तिन्ही कागद आणि माझ्या बँकेच्या नोंदी जोडून अभिनिर्णयाला टाका, पाचशे रुपये पुरेसे आहेत असं प्रमाणपत्र आणा, मी तुम्हाला दीडऐवजी दोन लाख देतो. तो म्हणेल, ‘साहेब, उगाच कशाला तिकडे जायचं, आपलं काम आपल्यात.’ हे वाक्य आलं की तुम्हाला उत्तर मिळालं. अर्धवट माहिती देऊन आणलेलं प्रमाणपत्रही कामाचं नाही, कारण शुल्कावर परिणाम करणारी प्रत्येक बाब दस्तात खरी लिहिण्याचं बंधन आहे आणि मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याचा निर्णय सहा वर्षांपर्यंत फेरतपासणीला उघडता येतो.

रीतसर काय वाचू शकतं तेही बघू. फ्लॅट फक्त पत्नीच्या नावे घेतलात तर महिलांना १ टक्का सवलत आहे, ९० हजार वाचतात. पूर्वी असा फ्लॅट पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हता, ती अट २०२३ मध्ये निघाली. एकत्र नावं घातली की सवलत गेली. पैसे तुमचे आणि नाव पत्नीचं, हे पैशाचा स्रोत दाखवता येत असेल तर बेनामी कायद्यात चालतं. आईच्या नावाचा विचार करत असाल तर थांबा. आईवडील किंवा भावंडांच्या बाबतीत त्या कायद्यातली सूट दोघांची नावं एकत्र असतील तरच आहे, आणि एकत्र नाव आलं की १ टक्क्याची सवलत जाते. आईला पैसे खरोखर बक्षीस द्यायचे असतील तर ती वेगळी गोष्ट. पण मग घर आईचं, आणि तुमच्या बहिणीचाही त्यावर पुढे हक्क, हे मनात पक्कं असू द्या. आणखी एक: साठेखतावर पूर्ण शुल्क भरलेलं असेल तर त्याच व्यवहाराच्या खरेदीखतावर पुन्हा ७ टक्के लागत नाहीत, नाममात्र मुद्रांक पुरतो. हे न कळल्यामुळे लोक घाबरतात आणि एजंट ‘दुसऱ्या वेळचं शुल्क मी वाचवलं’ म्हणून पैसे घेऊन जातो.

‘अर्धं पुणं असंच करतं’ हे वाक्य लोहगाव-वाघोलीकडच्या गुंठेवारीवरून आलेलं आहे. तिथे नोटरीवर एक-दोन गुंठे घेतलेल्यांची अडचण जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची होती. त्यातल्या अनेकांना शुल्क भरून नोंदणी करायची इच्छा होती, पण दस्त नोंदला जात नव्हता. तुमच्या फ्लॅटला अशी कुठलीही अडचण नाही. नाइलाजाने अडकलेल्यांचं उदाहरण हौसेने अडकण्यासाठी वापरू नका.

पुढे काय करायचं. एजंटाला व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा की नोंदणीकृत दस्त, पूर्ण रक्कम बँकेतून, टीडीएस कापून, या अटींवरच व्यवहार. तोंडी नको. विसाराची पावती बघा. ‘नोंदणीकृत खरेदीखत करून देईन’ असं वाक्य असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, नसेल तर आताच विकणाऱ्याकडून पुरवणी लिहून घ्या. त्याने नकार दिला तर विसार परत मागा. चेकने दिल्यामुळे पैसे गेल्याचा पुरावा आहे, हे तुम्ही शहाणपणाचं केलंत. सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट, विकणाऱ्याच्या मूळ दस्तावर पूर्ण शुल्क भरलंय का, आणि तीस वर्षांचा सर्च, हे वकिलाकडून तपासून घ्या. त्यासाठीची फी दीड लाखाच्या जवळपासही जात नाही.

आता चुलतभाऊ. त्याला काही झालं नाही, कारण त्याचे कागद अजून कुणी मागितलेले नाहीत. कर्ज काढताना बँक मागेल, विकताना घेणारा मागेल. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर बिल्डरचा वकील प्रत्येक सभासदाची कागदपत्रांची साखळी तपासतो. कोथरूड-एरंडवण्यात अशा वेळी कित्येक घरांत जुन्या फायली धुंडाळणं चालू आहे. १ डिसेंबर २०२३ पासून शासनाची मुद्रांक शुल्क अभय योजना होती. १९८० ते २०२० मधल्या तुटीच्या दस्तांना तीत दंडात मोठी सूट होती, आणि मुदतवाढी मिळत ती ऑगस्ट २०२४ अखेरपर्यंत चालली. भावाचा कागद तीत बसला असता. पुन्हा येईल या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, २०१६ चा कागद स्वतःहून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यापुढे नेणं. समजा किंमत ४० लाख होती. तेव्हाच्या महापालिका हद्दीतल्या ६ टक्क्यांनी २,४०,००० तूट, दहा वर्षं धरली तर दंड २४० टक्के, म्हणजे ५,७६,०००, एकूण ८,१६,०००. आणि नोंदणीचा प्रश्न तसाच, त्यासाठी विकणाऱ्याकडून त्या व्यवहाराला दुजोरा देणारा नवा नोंदणीकृत लेख घ्यावा लागेल. दुसरी वाट, विकणाऱ्याकडून आज थेट खरेदीखत करून घेणं. आज बाजारभाव ७० लाख असेल तर ७ टक्क्यांनी ४,९०,००० आणि नोंदणी फी. दिसायला ही वाट स्वस्त आहे. पण पैसे २०१६ मध्ये दिले हे नव्या दस्तात लिहावं लागेल, आणि जुन्या कागदाचा उल्लेख आला की तोही मागवला जाऊ शकतो. उल्लेखच टाळा, असा सल्ला मी देणार नाही. म्हणून आधी मसुदा अभिनिर्णयाला टाकायचा आणि एकूण आकडा कळल्यावर वाट ठरवायची. विकणाऱ्याच्या आयकरावरही याचा परिणाम होईल, त्यामुळे तो का-कू करेल. त्याच्या सीएशी बोलणं आणि थोडाफार खर्च उचलणं भावाला करावं लागेल.

दोन्ही वाटांना विकणाऱ्याची सही लागते. तो हयात आहे का, सध्या कुठे राहतो, आणि गेला असेल तर वारस किती व कोण, हे भावाला याच आठवड्यात शोधायला सांगा. आणि मला दाखवायला कागद आणाल तेव्हा तिन्हींच्या मूळ प्रती आणा, झेरॉक्स नको. सोबत २०१६ चं बँक पासबुक.